तीन दिवसांचं औषध

तिनं बाटली डोळ्यांच्या पातळीवर धरली आणि उकळून गार केलेलं पाणी काचेवरच्या रेघेपर्यंत थेंबाथेंबानं ओतलं. पाण्याचा खोलगट तळ रेघेला बरोबर टेकला तेव्हाच तिचा हात थांबला. झाकण लावून बाटली हलवली, तशी तळाची पांढरी पूड वर उठली आणि औषध गुलाबी झालं. दोन महिन्यांपूर्वी ठकीचा कान दुखत होता तेव्हा डॉक्टरांनी अशा दोन बाटल्या लिहून दिल्या होत्या. एकीतच काम भागलं. दुसरी तशीच सीलबंद कपाटात राहिली होती. मुदत संपायला अजून पाच महिने होते. तिनं तेही पाहून घेतलं होतं.

"ताप आला की आधी इथं आणायचं," वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट, ठकीला घरी सोडायचा दिवस. "उरलंसुरलं अँटिबायोटिक मनानं पाजायचं नाही. डोक्यात नळी आहे हिच्या. साधा ताप हिच्यासाठी साधा नसतो." बोलता बोलता त्यांनी कार्डावरच्या त्या ओळीखाली पेनानं दोन रेघा मारल्या.

तिनं मान डोलावली होती. मनात मात्र म्हटलं होतं, हे बाकीच्यांसाठी. जे शेजारणीच्या सांगण्यावरून अर्धी गोळी कुटून देतात त्यांच्यासाठी. ती स्वतः पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नळाच्या पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे सांगणं हीच तिची नोकरी. तिला रेघा मारून समजावण्याची गरज नव्हती.

आणि ती गेलीही होती की, दोनदा. ठकीच्या मेंदूतलं पाणी आपलं आपण वाहून जात नसे, साठून राही. म्हणून दहाव्या महिन्यात डोक्यात एक बारीक नळी घातली होती. कानामागून, मानेच्या कातडीखालून ती पोटात उतरत होती. त्यानंतर दोनदा ताप आला, दोनदा तिनं पोरीला उचलून इस्पितळ गाठलं. दोन्ही वेळी चार-चार तासांची रांग, नळीच्या कानामागच्या टेंगळात सुई, पोरीच्या किंकाळ्या, आणि शेवटी "सर्दी आहे, घरी न्या." दुसऱ्या खेपेनंतर ठकी आठवडाभर पांढरा कोट दिसला की श्वास रोखून धरायची. अगदी केमिस्ट पाहिला तरी.

म्हणून या खेपेला ताप आला तेव्हा ती गेली नाही. मापात चूक नको म्हणून चमचा घेतला नाही, सिरिंज घेतली. साडेतीन मिली, दिवसातून तीनदा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

"तुला कळतं गं सगळं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, नुसत्या तापाच्या औषधानंच उतरला. तिनं त्यांचा समज तसाच राहू दिला. उरलेलं औषध मोरीत ओतलं, बाटली विसळली, वरचा कागद भिजवून खरवडून काढला. एवढं का करतोय, हे तिनं त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

पहिल्या डोसनंतर नवव्या दिवशी ठकी बसेना. दूध पाजलं की काही त्रास नसल्यासारखं सरळ बाहेर यायचं. दुपारी तिची बुबुळं खालच्या पापणीआड बुडायला लागली, तेव्हा नवऱ्यानं हातातला कामाचा फोन तसाच बंद केला आणि रिक्षा आणली.

भरती करून घेताना डॉक्टरबाईंनी एकापाठोपाठ एक प्रश्न विचारले. उलट्या किती. झोप किती. टाळू फुगली का. मग कागदावरून मान न उचलता:

"गेल्या दोन आठवड्यांत एखादं अँटिबायोटिक दिलंय?"

खोलीत नवरा होता. सासूबाई होत्या. दाराशी मोठ्या सिस्टर ते कार्ड हातात घेऊन उभ्या होत्या.

"नाही," ती म्हणाली. "तापाचं तेवढं."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. अक्षर नीटस होतं. उलट्या बाजूनंही तिला ते वाचता आलं.

जुनी नळी त्याच संध्याकाळी काढली. नवी लगेच घालता येत नव्हती. आत जंतुसंसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत डोक्यातलं पाणी बाहेर काढायचं होतं. ठकीच्या कपाळावरून एक पातळ नळी निघाली, खाटेशेजारच्या दांड्यावर टांगलेल्या मोजपात्रात उतरली, आणि तिथं ते पाणी थेंबाथेंबानं पडू लागलं. स्वच्छ, पाण्यासारखंच पाणी. त्यातलंच थोडं तपासणीला गेलं, काढलेल्या नळीचं टोकही गेलं.

ते मोजपात्र ठकीच्या कानाच्या नेमक्या पातळीवर हवं. खाली गेलं तर डोक्यातलं पाणी भसाभस ओढलं जाईल, वर गेलं तर तुंबेल. म्हणून पोरगी उठून बसली की सिस्टर यायच्या, नळीची कळ फिरवायच्या, पात्र वर घ्यायच्या, गवंड्याकडे असते तसली छोटी पाणसळ कानाशी धरून बुडबुडा मधोमध आला का पाहायच्या, आणि मग कळ सोडायच्या.

नवरा फरशी बसवायचं काम करायचा. पाणसळ पाहिल्यावर त्याला राहवेना.

"सिस्टर, बुडबुडा डावीकडे सरकलाय जरा."

"तुम्ही तुमच्या फरशा बघा."

"आमच्याकडे एवढा फरक असला तर गिऱ्हाईक डोकं खातं. तुमचं कोण खातं?"

"दिसत नाहीये का कोण खातंय ते?" सिस्टर म्हणाल्या, पण बुडबुडा मध्यावर आणला. नवरा हसला. वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदाच.

नियम एकच होता, आणि तो ठकीच्या आईसाठी होता: सिस्टरनं कळ बंद केल्याशिवाय मुलीला उचलायचं नाही. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, मांडीवर. बाकी वेळ हात लावा, गाणी म्हणा, काहीही करा, उचलायचं नाही.

डोक्यातला दाब उतरल्यावर ठकी दुसऱ्या दिवशी ताळ्यावर आली. तिसऱ्या दिवशी तिला बोलणं सुचलं. तिला तीनच शब्द येत होते, आणि त्यातला तिच्या सगळ्यात उपयोगाचा "घे." दोन्ही हात वर करून, बोटं उघडमीट करत, ती "घे, घे" म्हणायची. आधी लाडानं, मग हुकमानं, मग रडून, आणि शेवटी नुसतीच, सवयीनं, दुसरीकडे पाहत.

आई तिचे तळवे धरून बसायची. वॉर्डाबाहेर चहाला गेली तरी तिची डावी कंबर आपोआप बाहेर निघायची, उभं राहायची ढब तशीच, कडेवर कुणीतरी असल्यासारखी. चहावाल्यानं एकदा विचारलंही, "पाठ धरलीय का ताई?"

"नाही," ती म्हणाली आणि सरळ उभी राहिली. दोन मिनिटांत कंबर पुन्हा तशीच.

शेजारच्या खाटेवर एक आठ महिन्यांचा मुलगा होता. त्याचंही तेच, डोक्यात पाणी, नळी बिघडलेली, काढलेली. त्याची आई कपडे दुरुस्त करायची. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. सगळा वॉर्ड तिला शिलाईवाली म्हणायचा, कारण पहिल्याच दिवशी तिनं सिस्टरच्या एप्रनचा फाटलेला खिसा बसल्या जागी शिवून दिला होता. मुलाला ती "मालक" म्हणायची.

"मालकांना भूक लागली. मालक रागावले. मालकांनी माझा फोन बादलीत बुडवला, आता भावाचा नंबर दिलाय इथं. काय करता, नोकरी करायची तर मालकांचं ऐकावं लागतं."

तिचा नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. ती भावाकडे राहायची आणि भावजयीशी तिचं जमत नव्हतं. "इथून सुटले की पहिली खोली बदलणार. मशीन टाकायला एक कोपरा मिळाला तरी पुरे. तिच्या घरात सुई पडली तरी हिशेब मागते."

ती कुणालाही अगं-तुगं करायची. प्रयोगशाळेतल्या नोकरीचं कळल्यावर तिनं नाव ठेवलं पाणीवाली.

"काय गं पाणीवाली, सारखी त्या थेंबांकडे काय बघतेस? मोजल्यानं लवकर पडतात का?"

चौथ्या दिवशी दुपारी दोन्ही मुलं झोपली होती. शिलाईवाली मालकांच्या टोपीला नाडी लावत होती. दोन दिवसांपूर्वीच मालकांना नवी नळी घातली होती. ती आता कातडीच्या आत होती, बाहेर काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते.

"एक सांगू?" ती दातात दोरा धरून म्हणाली. "कुणाला बोलू नकोस."

"काय?"

"आमचा दीर औषधाच्या दुकानात आहे. ताप आला तेव्हा त्यानं गोळ्या दिल्या. चार दिवस विरघळवून पाजल्या मालकांना. इथं विचारलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. ओरडतात गं. त्यातून मी दहावी नापास. मला तर दोन शब्द जास्तच ऐकवतात."

 किती दिवसांनी ठकीची आई मोकळा श्वास घेत होती.

"मीही दिलं," ती म्हणाली.

शिलाईवालीच्या दातातला दोरा सुटला. "तू? आणि तू पण नाही म्हणालीस?"

"हो."

"शिकलेली ना तू!" आणि ती हसू लागली, तोंडावर टोपी धरून, मुलं उठू नयेत म्हणून. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला पाहून हीही हसली. दोघी एका बाकावर, खांद्याला खांदा लावून, शाळेत बाईंची नक्कल करताना पकडल्या जाता जाता वाचलेल्या मुलींसारख्या.

"आणि बघ," शिलाईवाली डोळे पुसत म्हणाली, "तरी मालकांचा रिपोर्ट स्वच्छ. म्हणजे औषधानं कामच केलं की. मेले सगळे जंतू. खरं ना? तुलाच विचारते, तुझं तेच काम."

तिचं तेच काम होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. नमुना घेण्याआधी बाटलीत थायोचे थेंब टाकायचे असतात, ते उरलेल्या क्लोरीनचा जोर मोडतात. थायो विसरलं तर क्लोरीन बाटलीतसुद्धा जंतूंना दाबून ठेवतं. जंतू मरतातच असं नाही; अर्धमेले होऊन गप्प बसतात. जंतू वाढवून बघायच्या प्लेटवर काही उगवत नाही, आणि घाण पाणी स्वच्छ म्हणून पास होतं. हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची. दोन मुलींना तिनं याच चुकीसाठी रडवलं होतं.

शिलाईवाली वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू अजून होतं.

"हो," ती म्हणाली. "मेले असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक घरी निघाले. कपड्यांची पिशवी एका खांद्याला, मालक दुसऱ्या. शिलाईवालीनं त्यांना उचललं ते नुसतंच, एका हातानं, भाजीची पिशवी उचलावी तसं; कळ नाही, पाणसळ नाही, कुणाला विचारणं नाही. ठकीनं ते पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

"घे."

आईनं मान वळवली. शिलाईवालीला ते दिसलं. ती दोन पावलं मागं आली.

"धर," तिनं मालकांना पुढे केलं. "मला पिशवीची गाठ घट्ट करायचीय. घे की गं, चावत नाहीत मालक."

गाठ घट्टच होती. तिनं मूल घेतलं. मालकांनी आपलं डोकं तिच्या गळ्याखाली टेकवलं आणि एक पाय तिच्या कमरेवर टाकला, जणू जागा ओळखीची होती. तिनं डोळे मिटले. वजन. नुसतं वजन. पाच दिवस ती या कडेवरच्या वजनासाठी झुरत होती, आणि ते मिळालं तर दुसऱ्याच्या मुलाचं. त्याची मान तिच्या गालाला लागत होती. ऊबदार होती. झोपेतून उठलेलं मूल असतं तितकी, किंवा थोडी जास्त. तिला ठरवता आलं नाही, किंवा तिनं ठरवलं नाही.

"बस झालं, नाहीतर माझे मालक बदलतील," शिलाईवाली म्हणाली आणि मूल परत घेतलं. "येते गं. तुझी पण सुटेल आठवड्याभरात. आणि काळजी करू नकोस, झाकली मूठ माझ्याकडे पण आहे."

दारातून तिनं मालकांचा हात धरून हलवला. मग लिफ्ट आली.

त्याच दुपारी डॉक्टरबाई ठकीच्या खाटेशी थांबल्या. या वेळी त्या हसत होत्या.

"जंतूंची वाढ नाही. पाण्यातही नाही, नळीवरही नाही. परवा नवी नळी घालू. सगळं नीट झालं तर पुढच्या आठवड्यात घरी."

नवऱ्यानं तिथूनच सासूबाईंना फोन लावला. स्पीकरवर टाकला. "चादरी धुवायला काढते," सासूबाई म्हणत होत्या. "आणि पाळण्याचं कुरकुरणं तेवढं बंद कर तू, तेल घाल. ठकीला दे बरं फोन." ठकी फोनला म्हणाली, "घे."

ती हसत होती. तिचे हात आधीच मोजत होते: परवा, मग दोन दिवस, मग एका हातानं उचलायचं, कुणालाही न विचारता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. प्रयोगशाळेतली नवी मुलगी होती.

"मॅडम, सॉरी, तुम्हाला त्रास देते. त्या टेकडीवरच्या इमारतींचा नमुना आहे ना, तिथं आठ-दहा लोकांना जुलाब लागलेत. पण प्लेट एकदम क्लीन आहे. साहेब म्हणतात सही करून टाक. करू?"

"थायो टाकलं होतं?"

"ते… नमुना आणणारा म्हणतो विसरला."

"मग सही करू नकोस."

"पण मॅडम, प्लेट क्लीन आहे."

"अगं, लोक आजारी आहेत ना? मग प्लेट कसली बघतेस? आजारी माणसं बघ." तिचा आवाज चढला. शेजारच्या खाटांवरच्या बायका वळल्या. "नवा नमुना आण. साहेब रागावले तर रागावू देत. सही करू नकोस."

तिनं फोन ठेवला. ठकी तिच्याकडे पाहत होती, तोंडात स्वतःची दोन बोटं. कपाळावरच्या नळीतून एक थेंब सरकला, पात्रात पडला. मग दुसरा.

ती उठली. "कुठं चाललीस?" नवऱ्यानं विचारलं. तोवर ती दाराबाहेर होती.

डॉक्टरबाई आपल्या खोलीत उभ्याउभ्याच चहा पीत होत्या. तिनं दार लोटलं आणि आत न जाता उंबऱ्यातच सांगितलं. एका दमात.

"मी अँटिबायोटिक दिलं होतं. भरती करायच्या नऊ दिवस आधी. तीन दिवस. साडेतीन मिली, तीनदा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला.

"कुठलं?"

तिनं नाव सांगितलं, ताकद सांगितली.

ओरडा खावा लागेल म्हणून तिनं खांदे आवळले होते. तसं झालं नाही. डॉक्टरबाईंनी फोन उचलला आणि तपासणी विभागाला सांगितलं की खाट क्रमांक सातच्या प्लेट फेकू नका, दोन आठवडे ठेवा, काही जंतू दाबले गेले की उशिरा उगवतात. मग फोन ठेवून परवाच्या शस्त्रक्रियेच्या यादीतलं एक नाव खोडलं.

"आता घाई नाही करता येणार," त्या म्हणाल्या. "कळतंय ना?"

"हो."

"बसा थोडा वेळ. तुम्ही पांढऱ्या पडल्या आहात."

ती बसली नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं खाटेखालच्या फरशीकडे पाहिलं. तिथं एक फरशी जराशी वर आली होती. बुटाच्या टोकानं तो ती दाबत होता.

"मला तरी सांगायचंस," तो शेवटी म्हणाला.

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच इथं आणलं असतंस."

"मग?"

  चादरी वाळत घातल्या, असं सांगायला सासूबाईंचा फोन आला. तो घेऊन तो बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. रागानं की कशानं, तिनं विचारलं नाही. त्यानं तिच्यासाठी चहा आणला होता.

त्यानंतरचे दिवस लांबलचक होते. सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस मिनिटं. ठकीनं "घे" म्हणणं जवळजवळ सोडलं. आई जवळ आली की ती आता आपणहून हात पुढे करायची, तळवे धरायला. उचलण्याची आशा तिनं आवरून ठेवली होती. ते "घे"पेक्षा कठीण होतं. कधी कधी आईला वाटायचं, कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलं नसतं, आत्ता आपण घरी पाळण्याला तेल घालत असतो.

आठव्या दिवशी प्लेटवर वाढ दिसली.

डॉक्टरबाईंनी तिला कागद दाखवला. फार थोडी, फार हळू; कातडीवर एरवी निरुपद्रवी राहणारा जंतू, नळीला चिकटून बसला की महिनोन्‌महिने दबा धरणारा. "यावर नवी नळी घातली असती," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडलं. शिरेतून औषध सुरू झालं. आणखी दोन आठवडे, कदाचित तीन.

कागदावरचे ते चार शब्द ती परत परत वाचत होती. आता सगळं ठाऊक होतं, उपाय होता, ठकी खाटेवर बसून चमचा वाटीवर आपटत होती. पण मालकांचा रिपोर्टही आधी असाच स्वच्छ आला होता. तिनं कागद घडी न करता खाटेवर ठेवला आणि सिस्टरच्या टेबलाकडे जवळजवळ धावत गेली.

"सिस्टर, शिलाईवाली. तिचा नंबर द्या."

मोठ्या सिस्टरनी तिचं सगळं ऐकून घेतलं. गोळ्यांचं, चार दिवसांचं, हसण्याचं, आणि "मेले असतील"चंसुद्धा. मग वही काढून स्वतःच फोन लावला. शिलाईवालीच्या भावानं उचलला. ती इथं नाही, म्हणाला. भांडून गेली परवा. कुठं ते माहीत नाही. नवरा ट्रकवर आहे, त्याचाही फोन लागत नाही. बाळ? बाळ बरंच होतं जाताना. त्यानं फोन ठेवला. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी परत लावला, तर भावजयीनं उचलला आणि दोनच वाक्यं बोलून कापला. इस्पितळानं पत्र पाठवलं, ते भावाच्याच पत्त्यावर. तपासणीची पुढची तारीख महिन्यानंतरची होती.

तेव्हापासून ती भेटेल त्याला विचारते. चहावाल्याला विचारलं. लिफ्टवाल्याला विचारलं. नवरा ज्या ज्या इमारतीत फरशी बसवायला जातो तिथल्या वॉचमनना विचारतो; ती त्याला रोज संध्याकाळी विचारते, विचारलंस का? तो मान डोलावतो. औषधांच्या दुकानांतून शिलाईवालीचा दीर सापडेल म्हणून तिनं प्रयोगशाळेतल्या मुलींना कामाला लावलंय. ठकीला मांडीवर घेतलेल्या वीस मिनिटांतही तिचं अर्धं लक्ष दाराकडे असतं.

आणि तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमच्या भागात एखादी बाई नवी राहायला आली असेल, जिन्याखाली किंवा कुणाच्या दुकानाच्या कोपऱ्यात मशीन टाकून बसत असेल. बोलायला फटकळ, पहिल्याच भेटीत अगं-तुगं करणारी. तिला दटावू नका, ती पळून जाईल. एखादी पँट घेऊन जा. उंची कमी करायचीय म्हणा, बसून शिवून घेते म्हणा. ती टाके घालत असेल तोवर मालकांना जरा मांडीवर घ्या, आणि त्यांच्या मानेला हात लावून बघा.